हललेला दाणा

पाथरीहून वंदनाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच." तिची आई सुशीलाबाई आणि मी, दोघी सत्तरच्या दशकात पोखर्णीच्या शाळेत एकदमच लागलो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. सुशीलाबाई बौद्ध कुटुंबातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेल्या. बोलायच्या कमी, पण कुणी शंका विचारली की खुलायच्या. महिना झाला त्यांना जाऊन, आणि मला सारखी एकच संध्याकाळ आठवते.

एका वर्षी आवई उठली होती की आभाळातून डोंगराएवढा दगड सुटलाय आणि तो आपल्याच भागावर पडणार. मुली शाळेत येईनाशा झाल्या. मरायचंच तर सगळ्यांनी घरी सोबत मरू, असं आयांचं म्हणणं. बाईंना धास्ती वेगळीच होती... घरी बसलेल्या पोरींची लग्नं उरकून टाकतील. शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन गावात गेल्या. एका ओसरीवर बायका जमल्या. बाईंनी काळी घोंगडी अंथरून ज्वारीचे दाणे विखुरले, सगळ्यांना नीट बघायला लावलं, मग तोंडं फिरवायला सांगून एक दाणा सरकवला. "आता काय बदललं?" आमच्या एका विद्यार्थिनीची आई, राधाबाई, हिनं बोट ठेवलं. "ह्यो. ह्यो हितं नव्हता."

"आभाळाचे असेच दोन फोटो काढतात, मधे थोडा वेळ जाऊ देऊन," बाई म्हणाल्या. "तारे लय लांब, ते जागेवरच दिसतात. सरकला तो लघुग्रह, सूर्याभोवती फिरणारा दगड. पुन्हापुन्हा बघितला की त्याची वाट कळते."

"अन् ती वाट आपल्याकडंच आली तर?" राधाबाईनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "कधीच येणार न्हाई, असं मी म्हणणार न्हाई. पण आला तर आधी कळावं, म्हणून तर लोक बघायलेत. आज तरी तशी बातमी कुठंच न्हाई. आभाळ लय मोठं, बघणारे कमी. तुमच्या पोरी शिकल्या तर त्याबी बघतील."

परतताना मी म्हटलं, "काही होत नाही, एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं." त्या म्हणाल्या, "मग उद्या त्यांनी माझं दुसरं काही खरं कशाला मानावं?" दुसऱ्या दिवशी राधाबाई स्वतः मुलीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. हळूहळू वर्ग पुन्हा भरला.

परवा पाथरीला गेले होते. दिवेलागणीला वंदनानं गच्चीवर सतरंजी टाकली, तशी मी दिव्याचं बटण शोधू लागले. "नाहीये, मावशी. आईनं इथं दिवा बसवूच दिला नाही. आम्हीही नाही बसवणार." मग आम्ही दोघी तशाच बसून राहिलो... डोळे सरावले, आणि एकेक तारा दिसू लागला.