घाटातली धूळ

मुलगी एकटीच मोटारसायकलवर स्पीती फिरून आली. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून तिने गाडीचा एअर फिल्टर काढला. स्पंजचा तो तुकडा धुळीने पार करडा झाला होता. साबणाच्या पाण्यात ती तो हळूहळू दाबू लागली, तसं पाणी मातकट झालं.

"केवढी ही धूळ!" मी म्हणालो.

"एका घाटात समोरचं दिसतच नव्हतं, बाबा. थांबून रडले थोडी. मग निघाले."

फोनवर मात्र ती रोज 'मस्त चाललंय' एवढंच सांगायची. आपल्या माणसांना काळजी नको म्हणून मुलं किती काय स्वतःपाशीच ठेवतात!

दुपारी फिल्टर वाळल्यावर मी म्हणालो, "धूळ धरून ठेवणारं तेल त्याला मी लावतो."

"सगळीकडे सारखं लावा हं," म्हणत ती शेजारी टेकली आणि आपणहून त्या घाटाबद्दल सांगू लागली.