बाबांना इंजेक्शन मिळालं नाही

"न्यूमोनिया नाही. ब्रॉन्कायटिस आहे," सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. ब्रॉन्कायटिस म्हणजे श्वासनळ्यांना आलेली सूज. त्यांनी बाबांना खोकल्याचं औषध दिलं, वाफारा घ्यायला सांगितलं. पेनिसिलिनचं इंजेक्शन नको, जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्याही नकोत. का, ते सांगितलं नाही. पुढच्या माणसाला हाक मारली.

बाबा सत्तरीला आलेले. सारा जन्म खामगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या धुरळ्यात गेलेला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पेनिसिलिनचं नाव घरोघर झालं होतं, पण ते नागपूरहून मोजकंच येई. त्याच आठवड्यात एका तरण्या बाळंतिणीला ते दिल्याचं बाबांच्या कानावर आलं होतं.

"मले काऊन नाही देत?" बाहेरच्या बाकावर बसून ते मला म्हणाले. "म्हातारा झालो म्हून? मरनारच हाय, तं कायले वाया घालवा, असंच ना?"

मलाही तसंच वाटत होतं, आणि नुसता संताप होत होता.

शेजारच्या गणपतरावांना बाबांची दया आली. त्यांनी बाजारातून सल्फाच्या गोळ्या आणून दिल्या. डॉक्टर देत नाहीत म्हटल्यावर कोणीतरी देतोय, याचंच बाबांना बरं वाटलं. मी शाळेत शिकवायला गेले की ते मनाला येईल तशा गोळ्या घेत. पाणी मात्र जेमतेम पीत. सारखं उठून मोरीपर्यंत जायला गुडघे नको म्हणत.

खोकला होता तसाच राहिला. मग एका सकाळी कंबरेच्या वर कळ धरली. लघवी थोडीशीच झाली, तीही लाल.

पुन्हा तोच सरकारी दवाखाना, तोच बाक. डॉक्टरांनी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हिमॅच्युरिया, म्हणजे लघवीतून रक्त. सल्फाचे खडे मूत्रपिंडात साचले होते. बाबांना खाटेवर घेतलं, गोळ्या बंद केल्या, खायच्या सोड्याचं पाणी सारखं पाजायला लावलं. मी पेला पुढे करायची, ते तोंड फिरवायचे. लघवी सुटेल की नाही, कोणी सांगत नव्हतं. नर्सला विचारलं तर "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर राउंडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी मोकळी झाली. बाबा झोपले आणि मी डॉक्टरांची वाट अडवली.

ते म्हणाले, "म्हातारपणी मूत्रपिंडं हळू चालतात. त्यात पाणी कमी. म्हणून या गोळ्या मी म्हाताऱ्यांना जपून देतो. पेनिसिलिनचा तर या खोकल्यावर उपयोगच नव्हता. न्यूमोनिया असता तर वय न बघता दिलं असतं."

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? आम्हाला वाटलं, तुम्ही त्यांना सोडून दिलं."

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

बाबा घरी आले. खोकला पुढे आपोआप ओसरला. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस असेल त्यांना एवढंच सांगते : औषध नाकारलं तर रागावून बाजारात जाऊ नका. तिथंच उभं राहून का ते विचारा.

हल्ली त्या दवाखान्यात रांग हलत नाही. डॉक्टर एकेका म्हाताऱ्याला समोर बसवून समजावत असतात. बाकावरचे लोक वैतागतात. बाबांना घेऊन गेले की मी मात्र निमूट बसून राहते.