आंटीचं पांढरं सॅलड

आंटी सगळ्यांना सांगायची की ती जिन्यावरून घसरली. खरं म्हणजे ती स्टुलावर चढून कपाटावरची लोणच्याची बरणी काढत होती आणि मी खाली उभी राहून नुसती "आंटी, उतरा, आंटी, उतरा" करत होते. बरणी वाचली, आंटीचं उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं, पण हातात जोर काही आला नाही. चहाचा कपसुद्धा ती दोन्ही हातांनी धरायची.

आंटी म्हणजे मला आसरा देणारी बाई. गिरगावात खोताच्या वाडीत तिचं लाकडी घर होतं. ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची मुंबईकर मराठी ख्रिश्चन, विधवा, साठीच्या पुढची, आणि घरात एकटी. मी तिच्या मागच्या पडवीत पडदा लावून राहायचे. मी कारवारकडची. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे थोरल्या भावाने मुंबईला आणलं, पण तो लालबागला गिरणीतल्या दहा-बारा बाप्यांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथे मला कुठे ठेवणार? त्याने मला गिरगावातल्या एका छापखान्यात फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या कागदांच्या, घड्या घालायच्या कामाला लावलं. तिथल्या फोरमननी आंटीचं घर दाखवलं. आंटीने मला वरून खाली एकदा पाहिलं आणि विचारलं, "घोरतेस काय गो?" मी नाही म्हटल्यावर म्हणाली, "मी घोरते. चालत असंल तर ऱ्हा."

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. छापखान्यात पत्रकांचे गठ्ठे पडलेले असायचे. बेळगाव, निपाणी यांच्या जोडीने त्यांत कारवारही असायचं. माझं गाव छापलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. घडी नेमकी त्याच ओळीवरून जायची, म्हणून मी ती मुद्दाम थोडी खाली घ्यायचे. फोरमन ओरडायचे, "अगं, घडी मधोमध घाल! गावाला नंतर जा!"

अशात आंटीच्या मुलीचं पुण्याहून पत्र आलं. मुलगी एकुलती एक, तिकडेच दिलेली, नवरा रेल्वेत. पत्र इंग्रजीत होतं. आंटीने चष्मा लावून ते मला मराठीत सांगितलं.

"हाताचं तिला कुणीतरी कळवलंन. चर्चमधल्याच बाया, दुसरं कोण! रविवारी येते म्हणते, जावयाला घेऊन. तुला एकटीला जमत नसंल तर माझ्याबरोबर चल, घराला कुलूप घालू, म्हणते."

कुलूप म्हणजे पडवीलाही कुलूप. आंटी मात्र रागावली होती.

"मना पुण्यात मरायचं नाय. बर्फातली मासळी खातात तिथं."

मी म्हटलं, "आंटी, तुम्ही त्यांना सांगा ना, हात बरा झाला म्हणून."

"सांगून ती ऐकते? तिला दाखवायला पायजे." आंटीने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "पांढरं सॅलड करायचं."

पांढरं सॅलड म्हणजे उकडलेले बटाटे, बीट, मटार आणि फरसबी, आणि वरून आंटीचा आंबट पांढरा सॉस. भाज्या कोणीही उकडील. सॉसला हात लागायचा. अंड्याच्या पिवळ्या बलकात तेल थेंब थेंब सोडत अर्धा तास एकाच बाजूने घोटायचं, तेव्हा तो सायीसारखा दाट व्हायचा. मुलीने लहानपणापासून ते पाहिलेलं. सॅलड टेबलावर आलं की हात धड आहे हे न सांगता कळणार होतं.

"पण घोटणार कोण?"

"तू," आंटी म्हणाली. "आणि केलं कोणी? मी."

शनिवारी हरताळ पडला. छापखाना बंद, बाजार बंद, ट्राम बंद. भाज्या आधीच आणलेल्या, पण घरात अंडी होती चारच. दुपारी आंटीने मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. मांडीत चिनी मातीचं वाडगं, उजव्या हातात लाकडी चमचा, डाव्या हातात तेलाची वाटी.

"एक नमो मारिये म्हणायची, एक थेंब सोडायचा. दुसरी म्हणायची, दुसरा थेंब. घाई केलीस की फाटलं म्हणून समज."

"आंटी, मला ती प्रार्थना येत नाही."

आंटीने कपाळावर हात मारून घेतला, तोही डावा. "मग तुला काय येतं?"

मला पाढे येत होते. चौथीपर्यंतच्या शाळेतलं तेवढंच पक्कं राहिलं होतं. आंटी म्हणाली, "चालंल. देवाला हिशेब पण कळतो."

मी बे एके बे म्हटलं आणि एक थेंब सोडला. बे दुणे चार, दुसरा थेंब. आता ध्यानात येतं की नमो मारिये केवढी लांब आणि बे दुणे चार केवढंसं. वर माझा जीव धास्तावलेला, त्यामुळे पाढे धावत सुटले होते. पाचच्या पाढ्याला आंटी वाडग्यात डोकावली, तर खाली तेल आणि वर पिवळ्या कण्या. फाटलं होतं.

"ही आगगाडी कुणी सोडली?"

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. एक आख्खा पाढा म्हणायचा, मगच थेंब. छान चाललं होतं. वाडग्यात पांढरट, चकचकीत असं काही धरू लागलं. आंटी शेजारी बसून हळूहळू सिरका घालत होती. अकरा झाला, पंधरा झाला, सतराही झाला. एकोणिसाच्या पाढ्यात सातव्या घराला मी अडखळले. तो मला शाळेतही नडायचा, छड्या खाल्ल्यात त्याच्यापायी. एकोणीस साती, एकोणीस साती करत मी वर आढ्याकडे बघत राहिले. डावा हात कलता झाल्याचं मला कळलंच नाही. तेलाची धारच वाडग्यात गेली.

मी रडायला लागले. चारी अंडी संपली, उद्या मुलगी येणार, परवा मी कुठे जाणार, असं काहीतरी बोलत होते. आंटीने मला रडू दिलं. मग फाटलेल्या सॉसला बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "चव बरोबर हाय. नुसतं दिसायला वाईट. माझ्या नवऱ्यासारखं."

मला हसू आलं, आणि हसता हसता आठवलं. आमच्याकडे आई काकडीला लावायची ते! मोहरी फेसून दह्यात कालवायची, तेही आंबट, दाट आणि नाकात जाणारं. मी आंटीला विचारलं, "दही चालेल?"

"ती ओळखील."

"मग भाज्या नुसत्याच ठेवायच्या?"

आंटीने दह्याचं भांडं स्वतःच पुढे ढकललं.

दही मी माझ्या भातासाठी रोज विरजायचे. ते फडक्यात बांधून संध्याकाळी मोरीच्या खुंटीला टांगलं. सकाळी आंटी चर्चमध्ये मिस्साला गेली तेव्हा चांगला घट्ट चक्का झाला होता. मोहरी मी पाट्यावर वाटली, मग वाडग्यात गार पाणी शिंपडत बोटांनी फेसली. यात एकच गोष्ट सांभाळायची. मोहरी नाकाला चढेपर्यंत लिंबू घालायचं नाही. आधी आंबट घातलं की ती चढत नाही, नुसती कडवट राहते. चार-पाच मिनिटांत डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती चक्क्यात कालवली. मग मीठ, साखर, दोन दिवसांची राखलेली साय, आणि सगळ्यात शेवटी लिंबू. चमच्यावरून ओघळेल न ओघळेल इतपत दाट झालं. या वेळी पाढे लागले नाहीत.

बाराला मुलगी आणि जावई आले. मुलगी आंटीसारखीच उंच, आवाजही तसाच. तिने आधी मनगट पाहिलं, मग घर पाहिलं. माळ्यावर धूळ आहे का तेही पाहिलं. माझ्याकडे पाहून "हीच का ती?" म्हणाली. आंटी म्हणाली, "हीच. घोरत नाय."

जेवायला बसले. मी दाराशी उभी. आंटीने सॅलडचं ताट मुलीपुढे सरकवलं, डाव्या हाताने. मुलीने एक घास घेतला. तिचे डोळे भरून आले. क्षणभर मला वाटलं आईच्या हातचं म्हणून, मग ती जोरात शिंकली. जावयाने घास घेतला, नाक पुसलं आणि निमूटपणे आणखी वाढून घेतलं.

"ममा, हे तू केलंस?"

"मग काय तुझ्या बापाने?"

"यात अंडं नाही."

"डॉक्टरने अंडं बंद केलंय."

"कुठल्या डॉक्टरने?"

आंटीने डाव्या हाताने जावयापुढे पाणी ठेवलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "ममा, मला अजून बटाटे दे. उजव्या हाताने दे."

ताट चांगलं जड होतं, चिनी मातीचं, आंटीच्या लग्नातलं. आंटीने उजवा हात त्याच्याखाली घातला आणि उचललं. ताट एक वीत वर गेलं आणि थरथरायला लागलं. मी दारातून कधी निघाले मला आठवत नाही. माझा एक हात ताटाखाली होता आणि दुसरा आंटीच्या कोपराखाली, रोज चहाच्या वेळी असायचा तसा. आंटीनेही सवयीने भार माझ्यावर टाकला आणि म्हणाली, "थोडं डावीकडे घे गो."

मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. जावई खात होता तेवढाच आवाज.

"रोज असंच चालतं?" मुलीने विचारलं. ती आंटीला नव्हे, मला विचारत होती.

खोटं बोलायचं ठरलं होतं. पण तिच्या आवाजापुढे माझं काही चालेना. मी सांगून टाकलं, की केस मी विंचरते, बटणं मी लावते, कोंबडीचं मटण मी कापते आणि आंटी सांगते तसं शिजवते, सॉसही मीच केला, आधी दोनदा फाटला. सांगताना मनात म्हणत होते, संपलं. स्वतःच्या हाताने पडवीला कुलूप घातलं.

मुलीने नॅपकिनने डोळे पुसले. मोहरी अजून उतरली नव्हती. मग ती आंटीकडे वळली.

"तू मला नेहमी लिहायचीस की मी एकटी सगळं करते. हाताचं कळल्यापासून मी रात्र रात्र झोपले नाही, ममा. ही सगळं करते हे लिहायला काय झालं होतं तुला?"

"तू म्हणाली असतीस, परकी पोर."

"परकी आहेच. म्हणून तर विचारते." ती माझ्याकडे वळली. "तू इथून कुठे जाणार आहेस का? लग्नबिग्न ठरलंय?"

"नाही."

"ठरलं तर आधी मला कळवायचं. आणि दर शनिवारी मला एक पोस्टकार्ड टाकायचं. मराठीत लिही, मला वाचता येतं, शाळेत होतं. ममा जे सांगेल ते लिहू नकोस. खरं लिही."

जावई पहिल्यांदाच बोलला. "मोहरी कमी घाल म्हणावं." आणि रिकामं ताट पुढे केलं.

ते दोघे संध्याकाळच्या गाडीने परत गेले, आंटीला न घेता. गाडी सुटायच्या वेळेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. आंटी गॅलरीत बसून आल्यागेल्याला सांगत होती, की माझी मुलगी हट्टी आहे, पण ऐकते माझं.

पुढच्या शनिवारी मी पहिलं पोस्टकार्ड घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घाची मला भीती, आणि कार्ड उघडंच जाणार, पोस्टमनही वाचील म्हणून अक्षराची वेगळी भीती. आंटी समोर बसून सांगू लागली, "लिही, हात एकदम बरा हाय. लिही, काल मी खिडक्या पुसल्या. लिही, जिना धावत चढते." मी मान हलवत लिहीत गेले. हात अजून दुखतो. सकाळी जास्त दुखतो. खिडक्या मी पुसल्या. आंटी जेवतात नीट, झोपतात नीट, रागावतातही नीट. काळजी नसावी.

आंटीची प्रार्थनेची पुस्तकंसुद्धा इंग्रजी लिपीतली. देवनागरीतलं तिला एक अक्षरही वाचता यायचं नाही. तिने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "सगळं लिहिलंस ना?"

"सगळं."

"मग टाक जा. सोमवारी पोचायला पायजे."

पेटी वाडीच्या तोंडाशीच होती. मी चपलासुद्धा घातल्या नाहीत.