ग्रीस आडवी गेली

काळीपिवळी जीप चालवणाऱ्याला मागच्या सीटखाली काय काय सापडतं, ते विचारू नका. एका पायाची चप्पल, छत्री, डबा, एकदा तर कुणाची तरी कवळी! मालक येईल म्हणून आपण जपून ठेवतो आणि मालक काही येत नाही. किश्शांचंही तसंच. नव्वदच्या आसपास मी कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर जीप लावली आणि ती विकेपर्यंत किस्से नुसते साठत गेले. घरी ऐकायला कुणी नव्हतं. बायको गेलेली, एकुलती एक लेक मीरा लग्न होऊन पार भोकरदनकडं, पिंपळगाव रेणुकाईला. म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा.

*

बाजाराच्या दिवशी शेवटची फेरी करून गाडी झाडत होतो, तर सीटखालची एक कापडी पिशवी हलायला लागली. आमच्याकडं नको असलेलं मांजर पिशवीत बांधून लांब नेऊन सोडतात. रस्ता दिसला तर परत येतं म्हणे! कुणीतरी माझ्याच गाडीत बसून हे काम उरकलं होतं. पिशवी सोडली. आत मूठभर पिल्लू, नाकापासून शेपटीपर्यंत काळं.

पुढच्या नंबरावर बब्रूवानची जीप होती. स्टँडवरचा माझा दोस्त. त्यानं आधी थू थू केलं, मग विचारलं, "काय हाय रे किसन?"

"पॅसेंजर हाय. उतरायचं राह्यलंय."

"अन् काळं हाय! जल्दी उतरव की मंग!"

"आपली गाडी बी अर्धी काळीच हाय. तिला उतरवतो का?"

पिल्लू बॉनेटवर चढलं आणि इंजिनाच्या उबेला झोपून गेलं. नाव ठेवलं ग्रीस. त्या संध्याकाळी घराचं कुलूप काढताना बायको गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं की आपण एकटे आत चाललो नाही.

*

मांजर आडवं गेलं की थांबायचं. दुसरं कुणीतरी ती जागा ओलांडेपर्यंत हलायचं नाही, कारण पहिला जो ओलांडतो, जे काय वाईट असेल ते त्याच्या अंगावर जातं. नियम सगळ्यांना पाठ. अडचण एवढीच, की ते दुसरं कुणीतरीही हाच नियम पाळत असतं!

एकदा ग्रीस भर सकाळी स्टँडसमोरून आरामात पलीकडं गेली. अलीकडच्या भरलेल्या जीपा थांबल्या. पलीकडून येणाऱ्याही थांबल्या. दोन्हीकडची इंजिनं बंद. पॅसेंजर उतरले, भुईमुगाच्या शेंगा निघाल्या, कुणी तर लोळलं.

मी म्हणालो, "मी जातो पुढं. सोडा."

बब्रूवान म्हणाला, "तुझं चालत न्हाई. मांजर तुझ्या घरचं. घरच्याला लागत न्हाई, मंग तू ओलांडून फायदा काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे मी त्या रस्त्यानं गेलो काय आणि न गेलो काय, मी माणसांत धरलेलोच नव्हतो. हसण्यावारी नेलं, पण लागलं.

शेवटी एक म्हैस डुलत डुलत आली आणि ओलांडून गेली. आरडाओरडा झाला, बब्रूवाननं स्टार्टर मारला. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "अरे थांब! म्हशीचं चालतं का? ती बी काळीच हाय!"

इंजिन परत बंद.

*

पुढं ग्रीस गाभण राहिली. एका दुपारी बब्रूवान इकडं तिकडं बघत माझ्या घरी आला. स्टँडवर तिला बघून थुंकणारा हाच बरं का!

"किसन, तेवढी वार मला ठेव."

मांजराची वार, म्हणजे पिल्लाबरोबर पडणारी ती पिशवी, तिजोरीत ठेवली की पैसा येतो अशी समजूत. त्यातून काळ्या मांजराची असली तर विचारूच नका.

"मांजरासगट ने की," मी म्हणालो.

"मांजर तुलाच ऱ्हाऊ दे. वार तेवढी दे."

पण मांजर वार खाऊन टाकतं. ग्रीसनंही खाल्ली. बब्रूवानला सांगितलं, तर त्याचं तोंड उतरलं. "सगळी?"

"सगळी."

तो ग्रीसकडं बघत राहिला आणि मग त्यानं लांबूनच हात जोडले. "म्हंजी आता लक्ष्मी हिच्याच पोटात हाय!"

पिल्लं कबरी निघाली. हातोहात गेली. काळ्या आईला कुणी विचारलं नाही.

*

मग मीराला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. माझी बहीण अंबडहून येऊन राहणार होती. मी घराला चुना लावला, बाजेला नवा सुंभ ओढला. लेक सणाला यायची ती पाहुण्यासारखी, आली की निघालीच. आता काही महिने घरात बांगड्या वाजणार होत्या. मला दुसरं काही नको होतं.

तर विहीणबाईंचा फोन आला. एसटीडी बूथवर मला बोलावणं आलं.

"भाऊ, तुमच्या घरी काळं मांजर हाय म्हणतेत. बाळंतिणीच्या घरात? बिलकुल न्हाई! आधी ते काढा, मंगच सून पाठविते. अन् म्या सोता संगं येऊन बघणार."

मग मीरा फोनवर आली. हळूच म्हणाली, "बाबा, नका सोडू तिला. तुमच्यापाशी दुसरं कोण हाय?"

"तू येऊन राह्यली ना," मी म्हणालो.

*

काळं मांजर कुणाला देऊन बघा एकदा!

भुसार दुकानदाराच्या पोत्यांवर उंदीर नाचायचे. त्याला म्हणालो, घ्या, फुकट आहे. त्यानं ग्रीसकडं पाहिलं, उंदरांकडं पाहिलं. "ऱ्हाऊ दे. उंदीर गणपतीचं वाहन हाय."

मग शाळेतले विज्ञानाचे गुरुजी. अंधश्रद्धेवर तासभर बोलायचे. ते खुशीनं तयार झाले. फक्त म्हणाले, "दारातून नको, मागच्या खिडकीतून दे." मी दिली खिडकीतून. दुसऱ्या दिवशी गुरुजी पिशवी घेऊन हजर! ट्यूशनची पोरं यायची बंद झाली होती.

"किसनराव, माझा विश्वास नाही. पण त्यांचा आहे ना!"

*

शेवटी बब्रूवानलाच दया आली. गावाबाहेर रस्त्याला लागून त्याचा आखाडा होता, शेतातली खोली. "हितं सोड. घरात न्हाई आणणार, पण उपाशी बी न्हाई ठेवणार."

सोडली. परत येऊन भाकरी थापली आणि सवयीनं कोर मोडून खाली टाकली. ती तिथंच वाळली. घर स्वच्छ होतं, चुना लावलेला होता आणि मला तिथं बसवत नव्हतं.

*

ठरल्या दिवशी जीप घेऊन मीराला आणायला गेलो. परतताना मागं मीरा आणि शेजारी विहीणबाई, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. जालना गेलं, अंबड गेलं. सगळ्या वाटेत त्यांनी एकच विचारलं, "काढलं ना?"

"काढलं," मी म्हणालो.

बब्रूवानच्या आखाड्यापाशी वळण आहे. ग्रीसनं गाडीचा आवाज ओळखला. कपाशीतून धावत निघाली ती थेट आमच्या पुढून रस्त्यापलीकडं.

"थांबा!" विहीणबाई ओरडल्या. "थांबवा गाडी!"

थांबवली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणीतरी येईल म्हणून वाट पाहिली. कुणी आलं नाही. मीराला घामाच्या धारा लागल्या, ती पोटावर हात धरून बसली.

मी उतरायला लागलो. "मी जातो पुढं."

"तुमचं चालत न्हाई, भाऊ. ते तुमचंच हाय, मला काय कळत न्हाई का? गाडी माघारी वळवा."

मी परत सीटवर बसलो, पण किल्ली फिरवली नाही. पलीकडं ग्रीस बसून माझ्याकडं बघत होती. घरी चुना लावलेली खोली होती. मला रडू येत होतं, दुसरं काय सांगू?

तेवढ्यात मागचं दार वाजलं. मीरा उतरली होती. "माघारी न्हाई. मीच जाते पुढं," म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून चालायला लागली.

"ए पोरी! तू नको! तू नको गं!"

लाडवांचा डबा खाली पडला. मी मागं वळेपर्यंत विहीणबाई गाडीतून उतरल्यासुद्धा होत्या. एक चप्पल गाडीतच राहिली. पदर रस्त्यावर लोळत होता आणि त्या साठीतल्या बाई तापलेल्या डांबरावरून पळत सुटल्या. त्यांनी मीराला गाठलं, हातानं मागं सारलं आणि तिच्या आधी ओलांडून गेल्या.

पलीकडं जाऊन धापा टाकत उभ्या राहिल्या. ग्रीस त्यांच्या पायापाशीच होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. मीराकडं हात केला.

"ये आता," म्हणाल्या. "सावकाश ये."