वाफेला भिणारे दादा

नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दादा कुकर दुरुस्त करतात. पूर्वी ते लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. दुरुस्त केलेला कुकर ते स्वतः शेगडीवर ठेवतात, शिट्टी होईपर्यंत गिऱ्हाइकाला दाराबाहेर उभं करतात आणि गॅरंटी कोणालाच देत नाहीत.

परवा मी कुकर घ्यायला गेले होते, तेव्हा एक गिऱ्हाईक मोबाईल वाचत म्हणालं, "दादा, आपल्या नव्या हेलिकॉप्टरला मिसाईलनं काय बी होत न्हाई!"

दादा हसले. "मंग त्यात मिसाईल चुकवायची यंत्रं कशाला बसवलीत? बनवनाऱ्यालाच भरवसा न्हाई. कुकरला सेफ्टी वॉल उगाच असतो व्हय?"

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण तोंडातून निघालंच, "माझा लेक त्याच हेलिकॉप्टरवर असतो."

वाटलं, आता तरी ते म्हणतील, काही होणार नाही. त्यांनी शेगडी बंद केली.

"ताई, पोराला म्हनावं, भिऊन ऱ्हा."

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "आई, आमच्या मशीनला काय होत न्हाई," तो हसत म्हणाला.

मी दादांचा निरोप सांगितला. त्याचं हसणं थांबलं. तेव्हा मला खरी भीती वाटली.