आठवी ओळ

ऑगस्ट २००१, दुसरा मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. हजर: सासूबाई, माझे मिस्टर, धाकटे दीर आणि मी. दादा, म्हणजे माझे सासरे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांचं नाव मी तेव्हा हजर माणसांत लिहिलं नव्हतं. आज लिहिते आहे.

त्या संध्याकाळी मी काय केलं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मिस्टरांनाही नाही. आठ वर्षं होतील आता. तुम्हाला का सांगते आहे — नको, कारण द्यायला बसले तर पुन्हा सांगायचं राहून जाईल.

त्याआधी दीड महिना दादांना अर्धांगाचा झटका आला होता. ओझरच्या विमान कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाय थोडा सुधारला, उजवा हात लुळा राहिला, आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: 'चला.' तहान लागली, चला. दुखलं, चला. राग आला तरी चला. समजत मात्र सगळं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाचा-उपचार लगेच सुरू करा, आणि मोठ्या माणसांवर हात बसलेल्या कुणाकडे तरी जा. शोधायचं काम माझ्याकडे आलं. घरातली अशी कामं माझ्याकडेच येतात. माझी डायरी असते, तिच्यात आकडे घालून याद्या असतात, झालेलं काम पट्टी लावून खोडलेलं असतं.

या डायरीवर दादांचा फार डोळा. मी ती घेऊन बाहेरच्या खोलीत आले की सुरू व्हायचे, "बसा रे सगळे, टेंडर निघालं!" पाहुण्यांसमोर तर हमखास. "आमची सूनबाई लय हुशार हाय. मेल्यावर मला बी आकडा घालून खोडंल, बघा." मूळचे नांदगावचे, घरात तसंच बोलायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे. अठरा वर्षं हसत होते. खरंच इतकं लागायचं का ते? तेव्हा लागायचं. आज तीच वाक्यं लिहिताना — आज काही लागत नाही.

यादीत दोन नावं होती. एक, गंगापूर रोडवरच्या मॅडम. झटका आलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करण्यात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. दोन, आमच्याच कॉलनीतल्या एक बाई. त्या लहान मुलांचे बोबडे उच्चार सुधारून द्यायच्या.

शनिवारी दुपारी मी मॅडमकडे जाऊन आले. घरात फक्त दादा आणि त्यांना सांभाळणारी बाई होती. निघताना मी त्यांना म्हटलं, "दादा, गंगापूर रोडच्या मॅडमना भेटून येते. तुम्हाला बोलायला शिकवतील." त्यांनी डाव्या हाताने चप्पल दाखवली. "चला," म्हणाले. मी म्हटलं, आज नाही, आधी मी एकटीच.

मॅडमनी मलाच प्रश्न विचारले. त्यांच्याजवळ रोज तासभर कोण बसेल? घरात जास्त कोण बोलतं? मग म्हणाल्या, "मला त्यांचे पन्नास शब्द लिहून आणा. पोपट-बदक नको, त्यांचे स्वतःचे. खायला काय मागतात, चिडले की काय म्हणतात, बायकोला काय हाक मारतात. तिथूनच सुरुवात करायची. सगळं परत येईल असं नाही सांगत मी. पण काही शब्द येतील. हे पहिले महिने मात्र घालवू नका."

यादी! माझ्यासारखीला याहून सोपं काय? परतताना रिक्षातच एक ते पन्नास आकडे घातले आणि लिहायला लागले. चहा. पेपर. ठेचा. ओझर. नांदगाव. रेडिओ. सातवा शब्द लिहिला — टेंडर.

आणि तिथे थांबले.

दीड महिना घर शांत होतं. मी डायरी उघडत होते, कुणी काही म्हणत नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणी काही म्हणत नव्हतं. आजारी माणसाचं सगळं करत होते मी — औषधं, अंघोळ, व्यायाम, एकही वेळ चुकली नाही. पण ती शांतता मला आवडायला लागली होती. हे घ्या, सांगितलं. ते पुन्हा बोलावेत असं मला वाटत नव्हतं. आणि ते बोलावेत म्हणून रोज तासभर मीच बसायचं होतं.

मंगळवारी सगळ्यांसमोर डायरी उघडली. म्हटलं, "गंगापूर रोडच्या मॅडमकडे जागा नाही. नवीन पेशंट घेतच नाहीत सध्या. मी दोनदा फोन केला." दीर म्हणाले, "मी बघू का जाऊन एकदा?" मग स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या. वहिनींनी केलाय ना फोन, मग झालं."

पट्टी लावून मी पहिलं नाव खोडलं.

तेव्हा दादा ओरडले. "चला! चला, चला!" चांगला हात खुर्चीवर आपटत, माझ्याकडे बघत. मी कुठे जाऊन आले हे त्या खोलीत एकट्या त्यांना माहीत होतं. दीर उठले, म्हणाले, "बाथरूमला जायचंय वाटतं," आणि त्यांना उठवून आत घेऊन गेले. मी काय केलं? दुसऱ्या नावाखाली रेघ मारली.

कॉलनीतल्या बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांच्याकडे होती तीच चित्रं त्यांनी आणली: पोपट, फुगा, बदक. विमानाचे नकाशे वाचलेल्या माणसाला त्या म्हणायच्या, "सांगा बरं, हा कोण?" एक दिवस दादांनी सगळी चित्रं जमिनीवर लोटून दिली आणि रडले. मी त्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी बाईच म्हणाल्या, ते साथ देत नाहीत. मी डायरीत लिहिलं: बंद.

चार वर्षं जगले ते त्यानंतर. 'चला' एवढ्या एका शब्दावर. त्या मंगळवारनंतर माझ्याकडे बघून मात्र तोही कधी म्हणाले नाहीत. औषध दिलं की तोंड उघडायचे, घेतलं की खिडकीकडे बघायचे.

ते गेल्यावर सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "हिच्यामुळे निभावलं हो. पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं." मी चहाचे कप गोळा करत असायचे.

ते पान अजून आहे. मध्ये एकदा पूर्ण करायला बसले होते. नऊपासून पुढचे शब्द भराभर सुचले. अठरा वर्षं ऐकले होते, सगळे पाठ निघाले. आठवी ओळ राहिली. तिथे मॅडमनी विचारलेलं यायचं होतं: सासूबाईंना काय हाक मारत? आमच्यासमोर ते त्यांना कधी नावाने बोलावत नसत. ते एक सासूबाईच सांगू शकतात. पण विचारलं तर कशासाठी, ते सांगावं लागेल.

परवा त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी डायरी घेऊन समोर बसले.

"काय आणायचंय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई," म्हटलं, आणि त्यांच्यापुढची अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.

आठवी ओळ कोरी आहे.