समुद्रातला खोडवा

किस्से कणगीत साठवावे लागत नाहीत, एकीनं तोंड उघडलं की दुसरीला आठवतंच. श्रीगोंद्याकडच्या आमच्या ऊसतोड टोळीत तर फडातलं कुणी काढत नाही. निघतं ते मालवणच्या शेवाळाचं! नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऊस कमी, म्हणून मुकादमानं काही हिवाळे आम्हाला समुद्रावर नेलं. ओहोटीला खडकावरचं शेवाळ कापायचं, वाळवायचं, ट्रकात भरायचं.

पहिल्या दिवशी आमच्यातली सखू पाण्यात शिरली आणि ओरडली, "अगं बया, ह्यो तर बुडालेला ऊसच हाय!" तपकिरी रान नुसतं, लाटेबरोबर डुलणारं.

*

तिथली मासेवाली मंदावहिनी धावत आली. "उपटू नको गो! माशांची पिल्लां ह्यातच वाढतत!"

सखू म्हणाली, "उपटतंय कोन? बुडखा ठिवलाय. तोडल्या उसावानी परत खोडवा फुटंल!"

"दर्यात खोडवो?" मंदावहिनी पोट धरून हसली. पुढच्या हिवाळ्याला खोडवा फुटला! तिनं टोळीला माशांचं कालवण घातलं.

*

मग एका वर्षी पाणीच कोमट. शेवाळ पांढरं पडलेलं, हात लावला की गळायचं. मुकादम म्हणतो, "युरिया मारून बघू का?"

मी म्हणाले, "मुकादम, डोकं हाय का घमेलं? दर्याला पुरंल एवढा युरिया कुठल्या सोसायटीत हाय?"

हसलो. पण ट्रक रिकामेच परत गेले.

*

गाव आमच्यावर उठलं. "घाटावरच्या बायांनी खडक भादरलो!" सखू कुणाच्या बापाला ऐकते? होडीत बसून सगळ्यांना देवाच्या खडकावर घेऊन गेली. तिथं कुणीच कोयता लावत नाही. तिथंही पांढरा, बोडका दगड!

"आता बोला, हितं कुनी तोडलं?"

मंदावहिनीनं पाण्यात हात घातला. "दर्या तापलो," एवढंच म्हणाली. भांडण आम्ही जिंकलो. असलं जिंकणं वैऱ्यालाही नको.

*

दोन वर्षांनी आमच्याच फडात एक नवी जोडी आली. बघते तर मंदावहिनी आणि तिचा नवरा! मासे उरले नव्हते.

उसाचा पट्टा संपत आला. शेवटच्या सरीत मंदावहिनीचा हात थांबला. उसाच्या वाळल्या पाचटात रानमांजराची पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली. ती कोयता टाकून तिथंच बसली.

मुकादम ओरडला, "अगं ए, ट्रक भरायचाय! तोड की!"

"ह्येंची आई येयपर्यंत कोयतो लावूचो नाय."

मुकादमानं आमच्याकडं बघितलं. सखू तिच्याशेजारी जाऊन बसली. मग मी. मग सगळी टोळी.